सुमनआत्याची अधिकृत भूमिका

सुमनआत्याने आमच्या निवेदनावर सही केली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटपर्यंत त्या सहीची वाट बघत बसायला नको. मासळी बाजारात लोकांनी सह्या केल्या, एसटी स्टँडवर केल्या, एका गृहस्थाने तर कशावर ते न वाचता स्वतःची, बायकोची आणि मेहुण्याचीही केली. सुमनआत्याने मात्र अक्षर न् अक्षर वाचलं आणि केली नाही.

मागणी साधी होती. अण्वस्त्रांवर पूर्ण बंदी घालणारा जागतिक करार झाला आहे, भारताने त्यावर सही करावी. बस. पण रत्नागिरीत अणू हा शब्द काढला की समोरचा दचकून विचारतो, "प्रकल्प परत आला काय?" मग विजेचा प्रकल्प वेगळा, बॉम्ब वेगळा, हे समजावण्यात आमची निम्मी संध्याकाळ जायची. त्या दिवशी मांडवीला समुद्रावर तेच चाललं होतं. कठड्यावर एक बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. उंच, काटकुळ्या, पांढरे केस अगदी आखूड कापलेले, पायात पुरुषी चपला. त्यांना मी पत्रक दिलं. लोक आमचं पत्रक घेतात आणि त्यात शेंगांची टरफलं टाकतात. या बाईंनी टरफलं रुमालात बांधली, चष्मा लावला आणि पत्रक वाचलं. शेवटपर्यंत. मग पर्समधून पेन काढलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"'भारताने जागतिक करार धाब्यावर बसवले.' कोणता करार गो?"

"अण्वस्त्रप्रसारबंदीचा."

"त्यावर आपली सही आहे?"

"नाही, पण…"

"चाचणीबंदीच्या करारावर?"

"नाही."

"मग धाब्यावर बसवलं काय? जे लग्न केलंच नाही, ते मोडलं म्हणून बोंबलत फिरतेस होय?"

त्यांनी ती ओळ खोडली, वर 'नाकारले' असं लिहिलं आणि पत्रक मला परत दिलं. माझ्या पत्रकात कोणी हात घातलेला मला खपत नाही. मी म्हटलं, "एवढं कळतंय तर तुम्ही सही करा."

"सही? मी?" बाई हसल्या. "अगो, माझी अख्खी नोकरी सही न करण्यात गेली. उद्या घरी ये. चहा मिळेल, सही मिळणार नाही. आणि मला तुम्ही म्हणू नकोस. आमच्या वाडीत मला सगळे आत्या म्हणतात. आत्याला तुम्ही कोण म्हणतं?"

मी गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले.

आत्या दिल्लीला परराष्ट्र खात्यात होती, निःशस्त्रीकरणाचं काम बघणाऱ्या विभागात. काही वर्षं जिनिव्हालाही काढलेली. तिथे जगातले देश एकत्र बसून शस्त्रं कशी कमी करावीत यावर बोलतात आणि संध्याकाळी आपापल्या हॉटेलात जातात. आत्या तिसऱ्या रांगेत बसायची. "पहिल्या रांगेत राजदूत बोलायचे, आणि मी मागे बसून मान हलवायची," ती सांगायची. "मान कधी हलवायची, कधी नाही, तेसुद्धा दिल्लीहून कळवलेलं असायचं. एकदा माशी बसली म्हणून मान हलवली, तर पलीकडच्या देशाचा माणूस चहाच्या वेळेला येऊन विचारतो, तुमचं धोरण बदललं काय?"

यातलं खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. मी देव मानत नाही, त्यामुळे कोणीच जाणत नाही.

निवृत्त होऊन ती गावच्या घरी परत आली, मांडवीपासून थोडं वर, वाडीत. लग्न केलं नव्हतं. नोकरी सुटली, पण नोकरीची भाषा सुटली नाही. स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणायची, पण मुद्द्याचं काही आलं की लगेच 'आम्ही'. फोन उचलला की म्हणायची, "बोला. ऐकून घेते, बांधील नाही." पोह्यात मीठ कमी आहे असं म्हटलं तर, "निरीक्षण नोंदवून घेतलं." मीठ मात्र द्यायची नाही. लाईनमनने पुढच्या आठवड्यात खांब दुरुस्त करतो म्हटलं की विचारायची, "ही कालबद्ध हमी समजायची, की सदिच्छा?" तो बिचारा खांबाकडे बघत राहायचा.

आमचं भांडण दर खेपेला त्याच रस्त्याने जायचं. मी म्हणायची, बॉम्ब टाकून द्या. ती म्हणायची, देऊ की, सगळ्यांनी एकदम द्या. मी म्हणायची, कोणीतरी आधी द्यायला नको का? ती म्हणायची, पाच देशांनी आपले बॉम्ब उराशी धरून बाकीच्यांना ब्रह्मचर्य शिकवायचं, त्याला आम्ही भेदभाव म्हणतो. मी म्हणायची, सगळ्या जगाला हे पहिल्यापासून ऐकवलं कोणी? आपण. आणि मग गुपचूप बॉम्ब बनवला कोणी? तोही आपणच. त्यावर ती झोपाळ्याला एक झोका द्यायची आणि म्हणायची, "आमची भूमिका सुसंगत आहे." त्या सुसंगतीला मी पत्रकात ढोंग असा शब्द वापरला होता. तिने तो खोडला नाही. त्याच्यापुढे फक्त 'सुसंगत' लिहिलं.

हिरोशिमा दिनाला आम्ही तिला बोलायला बोलावलं, ही आमच्या गटाची घोडचूक. हॉलमध्ये आमचेच कार्यकर्ते, थोडी कॉलेजची मुलं, आणि मागे सभा उधळायला आलेले दोन-चार देशभक्त. आत्याने देशाची भूमिका अशी काही मांडली, की मागचे देशभक्त टाळ्या वाजवू लागले आणि आमचे लोक चपलांकडे बघत बसले. शेवटी एका मुलीने उठून विचारलं, "मॅडम, सरळ सांगा ना. बॉम्ब हवा की नको?"

"नको," आत्या म्हणाली. "घाणेरडी वस्तू आहे. घरात असू नये."

टाळ्या थांबल्या. मागचा एक जण ओरडला, "मग इतका वेळ काय बोलत होतात?"

"इतका वेळ देशाची भूमिका सांगत होते. तिने माझी विचारली."

आता तिच्या मासे घेण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच माझ्या अंगावर आली.

झुबेदा पाटी घेऊन वाडीत यायची. वाडीतल्या बाकीच्या बायका भाव विचारायच्या, नाकं मुरडायच्या, घ्यायच्या. आत्या भाव विचारायची नाही आणि सांगायचीही नाही. ती सुरमईचा कल्ला उचलून बघायची, परत ठेवायची आणि उसासा टाकायची. मग झुबेदा उसासा टाकायची.

"बोल," आत्या म्हणायची.

"तू बोल, बाई."

"आम्ही पहिला आकडा टाकत नाही. प्रथम वापर नाही, हे आमचं जाहीर धोरण आहे."

"मागच्या टायमाला मी टाकला, तर तू खो खो हसलीस."

"प्रत्युत्तराचा हक्क आम्ही राखून ठेवलेला आहे."

"बरफ वितळतोय, बाई."

"मग विचार कर, वेळ कोणाच्या बाजूने आहे."

मी पायरीवर बसून हे बघत होते. मांजरही बघत होतं. झुबेदाने शांतपणे पाटी डोक्यावर घेतली, रस्त्याला लागली आणि शेजारच्या फाटकासमोर उभी राहून हाक मारली, "शालनवहिनी! सुरमई आणली हाय! ताजी!"

आत्या ताडकन उठली आणि पडवीतून एक आकडा ओरडली. झुबेदा परत आली. मासा देताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "शालनवहिनी मासा घेतच नाय, तिचा सोमवार हाय," ती मला हळूच म्हणाली. "पण तिचं नाव काढलं की ही बाई ठिकाणावर राहत नाय."

शालनकाकू म्हणजे शेजारच्या अरूकाकांची बायको. अरूकाका आत्याचे सख्खे चुलतभाऊ, वयाने जेमतेम काही महिन्यांनी मोठे, आणि ते काही महिने त्यांनी जन्मभर वापरले. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. साधं पाणी मागितलं तरी फलाटावर गाडी लागल्यासारखं ऐकू यायचं. शालनकाकू ही आत्याची शाळेपासूनची मैत्रीण. आत्यानेच हे लग्न जुळवलेलं. आणि तीन पावलांवर राहणाऱ्या या दोघी कितीतरी वर्षं एकमेकींकडे चहा प्यायल्या नव्हत्या.

कारण दोन घरांच्या मधून खाली रस्त्यापर्यंत जाणारी पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची सामाईक वाट. आत्या दिल्लीला असताना अरूकाकांनी गुरं येतात म्हणून तिला फाटक लावलं, वर कुलूप. आत्या परत आल्यावर म्हणाली, कुलूप काढ. ते म्हणाले, घरातला थोरला मी, वाटेचं मी ठरवणार. मग आत्या एक दिवस देवळात जाऊन आली आणि फाटकासमोर उभी राहून साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "देवीला सांगून आले आहे. आता या वाटेवर जो हक्क सांगेल, त्याचं तो बघेल."

आमच्याकडे याचा अर्थ लहान मुलांनाही कळतो. देवळामागे राखणदाराचा दगड आहे, तिथे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं: माझं ज्याने बळकावलं, त्याला बघून घे. नारळ तिथे असेपर्यंत शाप जागा. अरूकाकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा नारळ नेऊन ठेवला. झालं. दोघांपैकी कोणीही पाखाडीवर पाय ठेवेना, न जाणो काही झालं तर. फाटक गंजलं, पायऱ्यांवर कमरेएवढं गवत वाढलं, आणि दोन्ही घरं वळसा घालून रस्त्याला जाऊ लागली. नारळ मधे असला की एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा इकडचा नियम. शालनकाकूचे गुडघे गेले, वळसा होईना, तशी ती घराबाहेर पडायचीच थांबली.

मला ही कथा कळली तेव्हा मी आत्याला म्हटलं, "हे बघ, हीच ती तुझी प्रतिबंधक क्षमता. गवत वाढलंय त्यावर."

"शांतता नांदते आहे ना?" आत्या म्हणाली.

"याला शांतता म्हणतात?"

"आमच्या खात्यात म्हणतात."

मग दिवाळीनंतर शालनकाकूने मला कुंपणावरून हाक मारली. मुलगा त्या दोघांना पुण्याला घेऊन जाणार होता, गुडघ्यांची ऑपरेशनं आणि मग तिथेच कायमचं. घर बंद.

"तू शांततेची पत्रकं वाटतेस ना गो?" शालनकाकू म्हणाली. "मग एवढं एक कर. मला जायच्या आधी त्या बयेकडे चहा प्यायचाय. चहा भिकार करते, साखरेचा पाक. पण एकदा प्यायचाय. पुण्याहून मी काही परत येत नाही आता."

"मग जा की. मी हात धरते."

"नारळ आहेत ना मधे." तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी 'समुद्रावरून चालत जा' म्हटलं होतं. "मला काय व्हायचं ते होऊ दे. पण तिला काही झालं म्हणजे?"

मी अंधश्रद्धेवर पत्रक लिहिलेलं आहे. दोन रंगांत. त्यातलं एकही वाक्य मला तिथे आठवेना.

तर मी मध्यस्थ झाले. आधी अरूकाका. ते आरामखुर्चीत बसून म्हणाले, "माझी काही हरकत नाही. तिने तिचा नारळ उचलावा."

"आणि तुमचा?"

"माझा राहील. मी थोरला. माझ्याकडून कोणाला धोका नाही, सगळ्या वाडीला माहीत आहे."

मी हे जसंच्या तसं आत्याला सांगितलं, आणि आत्या चक्क आनंदाने लाल झाली. "बघ! बघ! हाच तो प्रसारबंदीचा करार! हा मेला अख्खा करार न वाचता तोंडपाठ बोलतो! आपला ठेवायचा आणि दुसऱ्याचा उचलायला लावायचा! सांग त्याला, आम्हाला एकतर्फी मान्य नाही. दोघांनी उचलायचे. एकाच वेळी. दोघांचा दर्जा समान. आणि गुरवासमोर, तपासणीसह."

चार दिवस मी वळसा घालून इकडून तिकडे करत होते. अरूकाका हटेनात. मग शालनकाकूने त्यांच्या आमटीत मीठ घालणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "ठीक आहे. सगळ्या अटी मान्य. उद्या सकाळी देवळात."

मी धावत गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक वाटाघाट यशस्वी झाली होती. "आत्या, मान्य! एकाच वेळी, समान दर्जा, तपासणी, सगळं मान्य!"

आत्याचा झोपाळा थांबला.

"सगळं?" ती म्हणाली. "एवढ्या लवकर कसा मान्य झाला मेला?"

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला. पण एक तांत्रिक अडचण आहे." तिने चष्मा काढून पुसला. "नारळ नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठेवलाच नव्हता. देवळात गेले होते, नमस्कार केला, आले. फाटकासमोर एवढंच म्हटलं की देवीला सांगून आले. पुढचा नारळ अऱ्याने स्वतःच्या डोक्यात ठेवला."

इतकी वर्षं वळसा. इतकी वर्षं गवत. एका नसलेल्या नारळापायी.

"मग आता तसं सांग ना त्यांना!"

"सांगू? अऱ्याला? की मी रिकाम्या हाताने दरडावत होते आणि तू हवेला भीत होतास? पुण्याहून फोन करून हसेल तो. रोज."

"पण ठेवला का नाहीस?"

"देवीला असल्या कामाला जुंपायचं नाही, ही आमची भूमिका आहे." मी तिच्याकडे बघतच राहिले, तेव्हा ती खिडकीबाहेर तोंड करून म्हणाली, "त्या घरात शालन राहते. नारळ घराला लागतो गो, माणूस बघून लागत नाही. कळलं? आता पुढचं बोल."

पुढचं तीच बोलली. नारळ उचलायचा तर तो तिथे असायला हवा. तेव्हा आज दुपारी, गुरव जेवून आडवा झाला की, एक नारळ राखणदाराच्या दगडाशी नेऊन ठेवायचा. मी.

"मी? आत्या, मी निःशस्त्रीकरणवाली आहे!"

"म्हणूनच. तुझ्यावर कोण संशय घेईल?"

"टाकून देता यावं म्हणून आधी बनवायचं? हे तर अगदी सरकारसारखं…"

"ओरडू नकोस. पिशवी घे."

तिने स्वयंपाकघरातून एक जुना, आत खडखडणारा नारळ काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. देवळामागे गेले तर दगडाभोवती नारळांचा ढीग. धुळीने राखाडी झालेले, कोळ्यांनी जाळी विणलेले. वाडीतल्या प्रत्येक घराचा कोणाविरुद्ध तरी एक. एवढा शस्त्रसाठा देवळामागे पडलाय, आणि मी सह्या घेत बाजारात हिंडत होते. मी आत्याचा नारळ मधे खुपसला, वरून माती चोळली आणि तिथून पळाले.

सकाळी सगळे आले. शालनकाकूला मुलाने गाडीतून आणलं होतं. अरूकाकांनी टोपी घातलेली. आत्या इस्त्रीच्या साडीत, जणू पुन्हा तिसऱ्या रांगेत बसायचं होतं. गुरव म्हणाला, "आपापला ओळखा नि हात लावा. मी सांगतंय तवा एकदम उचला. एकानं उचलला नि एकानं ठेवला, असा चालायचा नाय."

अरूकाकांच्या नारळाला लाल दोरा होता. त्यांनी हात लावला. आत्याने बोट दाखवलं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ढिगातल्या प्रत्येक नारळाला शेंडी होती. आत्याच्या नारळाला नव्हती. देवाला ठेवायचा नारळ शेंडीसकट ठेवतात, हे कोकणात जन्मलेल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. आत्याने मला दिलेला नारळ चटणीसाठी आणलेला होता, दुकानदाराने गुळगुळीत सोलून दिलेला. एक जिनिव्हा बघून आलेली आणि एक देवळाची पायरी न चढणारी, आम्ही दोघींनी तो हातात घेतला, निरखला, गुंडाळला, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात शेंडी आली नव्हती. त्या सगळ्या केसाळ नारळांत तो टकलू एकटा बसला होता.

गुरवाने नारळाकडे बघितलं. मग आत्याकडे. मग आभाळाकडे.

"बाई," तो म्हणाला, "ह्याची शेंडी?"

सुसंगत भूमिका असलेली ती बाई नुसती पदर सारखा करत उभी होती.

अरूकाका वाकले. हात पाठीमागे बांधून त्यांनी तो नारळ नीट न्याहाळला. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. त्यांना कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. आता ते ओरडणार, स्टँडवर गाडी चुकल्यासारखे ओरडणार, आणि दोन घरं कायमची संपणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. शालनकाकूने पदर तोंडात कोंबला होता, पण हसू पदरात मावेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सुमे," ती म्हणाली, "तू ठेवलाच नव्हतास. आमच्या घरावर तू ठेवलाच नव्हतास!"

आत्या म्हणाली, "आम्ही याची ना पुष्टी करतो, ना इन्कार." पण आवाज फुटला.

अरूकाका सरळ झाले. टोपी नीट केली. बायकोकडे एकदा बघितलं. आणि त्यांच्या फलाटावरच्या आवाजात म्हणाले, "उंदरांनी खाल्ली असेल शेंडी. चला गुरव, उशीर होतोय."

"उंदीर शेंडी कशाला खातील ओ…"

"खातात! इथले खातात! घाला गाऱ्हाणं!"

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. मीसुद्धा. दोन्ही नारळ एकदम उचलले गेले आणि दुपारी समुद्रात गेले. संध्याकाळी अरूकाकांनी कोयत्याने गवत कापलं. कुलूप उघडेना, तेव्हा दगडाने तोडलं. आणि शालनकाकू तीन पावलं चालून आत्याच्या पडवीत आली आणि चहा प्यायली. "अजून तसाच भिकार," ती म्हणाली आणि दुसरा कप मागितला.

मी नंतर आत्याला सोडलं नाही. मी म्हटलं, तुझ्या भांडणात कोणाकडे तरी नारळ नव्हता म्हणून हे निभलं. देशाचा नारळ खरा आहे. समोरच्यांचेही खरे आहेत. तिथे तपासायला कोणी गेलं तर 'उंदरांनी खाल्ली' म्हणणारा अरूकाका कुठून आणायचा? आणि तो घराला लागतो, माणूस बघून लागत नाही, हे तूच बोललीस. मग अशी वस्तू बाळगणाऱ्या देशाच्या भूमिकेचं तू कौतुक कशाला करतेस? आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे पत्रकात घाल. पहिलं बरं वाक्य लिहिशील." सही तेव्हाही केली नाही. देशाच्या बाबतीत ती चूक होती, असं मी आजही म्हणते, आणि ती असती तर आजही भांडले असते.

आत्या पुढच्या पावसाळ्यात गेली. मी तेव्हा रत्नागिरीत नव्हते. त्यामुळे मला ती शेवटची दिसली ती शालनकाकू निघाली त्या सकाळी.

सामानाचा टेम्पो आधीच गेला होता. खाली रस्त्यावर मुलाची गाडी उभी होती, अरूकाका पुढच्या सीटवर पट्टा लावून तयार. शालनकाकू आत्याचा दंड धरून पाखाडी उतरत होती. एक पायरी, मग दम. दुसरी पायरी, मग दम. अर्ध्यावर आल्यावर तिने मान हलवली आणि खाली बसली. आत्या तिच्या शेजारी बसली. काय बोलत होत्या ते मला वर ऐकू येत नव्हतं. एकदा आत्याने हातवारे करून काहीतरी सांगितलं आणि शालनकाकूने तिच्या मांडीवर चापट मारली.

मुलाने हॉर्न वाजवला. "आई, घाटात अडकू आपण!"

आत्याने मान न वळवता एक हात वर केला. मुलाने आणखी एकदा वाजवला. तो हात तसाच वर राहिला.

मग पुढचं दार उघडलं. अरूकाका पट्टा सोडून बाहेर आले, कमरेवर हात ठेवून वर बघत उभे राहिले, आणि काहीतरी पुटपुटत पायऱ्या चढायला लागले. वाटलं, आता ओरडणार. ते त्या दोघींच्या खालच्या पायरीपर्यंत आले, टोपी काढून हातात घेतली आणि बसले.

खाली मुलाने थोडा वेळ वाट बघितली आणि इंजिन बंद केलं.